कुटुंब दत्तक कार्यक्रमाचं परीक्षण : कुटुंबाच्या बाजूने

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२१-२२च्या तुकडीपासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक कार्यक्रम आणला. प्रत्येक विद्यार्थ्याकडे गावातली तीन ते पाच कुटुंबं सोपवायची आणि तीच कुटुंबं त्याने तीन वर्षं सांभाळायची. पहिल्या वर्षी ९ भेटी, दुसऱ्या वर्षी १०, तिसऱ्या वर्षी ७. भेटीला ३ तास धरले, तर २६ भेटींचे ७८ तास होतात. कॉलेजच्या बाजूने या कार्यक्रमावर बरंच लिहिलं गेलंय. ज्या घराच्या ओट्यावर बसून विद्यार्थी शिकतो, त्या घराच्या बाजूने फारसं कोणी लिहीत नाही. म्हणून या परीक्षणाची कसोटी एकच ठेवली आहे : डॉक्टर कसा घडावा, यात रुग्णाला आणि त्याची काळजी घेणाऱ्या माणसाला इथे किती म्हणणं आहे?

आमचं मत आधीच सांगतो. कार्यक्रमाचा सांगाडा उत्तम आहे. देशातल्या जवळपास प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला तीन वर्षं त्याच घरापर्यंत नेणारी दुसरी कुठलीही सक्तीची व्यवस्था आपल्याकडे नाही. पण घराकडून घ्यायचं ते सगळं माहितीच्या रूपात घेतलं जातं, मताच्या रूपात काहीच घेतलं जात नाही. हे दुरुस्त करायला नवा कायदा लागत नाही आणि फारसे पैसेही लागत नाहीत.

जे चांगलं आहे ते आधी. वॉर्डात एका खाटेभोवती दहा-बारा विद्यार्थी उभे असतात, आणि रुग्ण पायजमा घातलेला, घाबरलेला, नातेवाइकांपासून तुटलेला असतो. घरी तोच माणूस यजमान असतो. त्याची चूल, त्याची औषधांची पिशवी, संडासापर्यंतचं अंतर, पाण्याचा हंडा कोण उचलतं, हे सगळं न विचारताही दिसतं. शिवाय पहिल्या वर्षाचा विद्यार्थी शरीररचना, शरीरक्रिया असे पायाभूत विषयच शिकत असतो. त्याच्याकडे द्यायला सल्ला नसतो, म्हणून तो ऐकतो. ही ऐकण्याची संधी पाचव्या वर्षी राहत नाही, तोपर्यंत तोंडात निदान तयार असतं. आणि तीन वर्षं तेच घर पाहिलं की रक्तदाबाची गोळी पेरणीच्या दिवसांत का बंद पडते आणि दिवाळीनंतर पुन्हा का सुरू होते, हे पुस्तकाशिवाय समजतं.

ही कल्पना महाराष्ट्राला नवीन नाही. १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला उभ्या केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत पहिल्या वर्षाची तुकडी दत्तक गावात समाजसेवा शिबिराला राहते, विद्यार्थ्यांना कुटुंबं वाटून दिली जातात आणि शिबिर संपल्यावरही भेटी चालू राहतात. राहणं हा त्यातला महत्त्वाचा भाग. सकाळी बसमधून उतरून दुपारी परत जाणाऱ्या विद्यार्थ्याला गाव संध्याकाळी कसं असतं ते कळत नाही, आणि आजारी माणसाचे हाल बहुधा रात्रीच होतात. आयोगाच्या योजनेत मुक्काम नाही. ही तिची पहिली मोठी उणीव.

दुसरी उणीव साध्या गणिताची आहे. १५० विद्यार्थ्यांची तुकडी, प्रत्येकी तीन घरं धरली तरी ४५० घरं होतात. पाच धरली तर ७५०. साधारण साडेतीन-चार हजार वस्तीचं गाव एका तुकडीतच संपतं. पुढच्या वर्षी नवी तुकडी येते. कॉलेजने दुसरं गाव शोधलं नाही, तर त्याच घरात दुसरा विद्यार्थी तोच कागद घेऊन उभा राहतो : कुटुंबप्रमुखाचं नाव, जात, उत्पन्न, घर कच्चं की पक्कं, संडास आहे का. तिसऱ्यांदा हे प्रश्न आले की लोक तोंडाला येईल ते सांगतात किंवा दार उघडत नाहीत. त्यामुळे तुकडीनिहाय गावं आधी ठरवून ठेवावी लागतात, आणि एक घर एका वेळी एकाच तुकडीकडे राहील याची नोंदवही कॉलेजमध्ये नव्हे, तर ग्रामपंचायतीत असावी. नोंदवही गावाकडे असली की ‘आमच्याकडे आधीच एक जण येतो’ हे सांगायचा अधिकारही गावाकडे येतो.

वेळापत्रक हा तिसरा प्रश्न, आणि इथे कुटुंबांना एकदा जरी विचारलं असतं तरी बराच घोळ टळला असता. भेटीचा वार कॉलेजच्या व्याख्यानांच्या सोयीने ठरतो. विदर्भात सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी दहाला घरी फक्त म्हातारी माणसं आणि लहान मुलं सापडतात. बीडसारख्या जिल्ह्यात ऊसतोड कामगारांची घरं दिवाळीच्या आसपास बंद होतात ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाला उघडतात. अशा घरी पहिल्या वर्षाच्या भेटी निम्म्याही होत नाहीत, मग लॉगबुकचे, म्हणजे विद्यार्थ्याच्या भेटींच्या नोंदींचे, रकाने कसे भरतात हे प्रत्येक मार्गदर्शकाला माहीत आहे. उपाय असा : घर सोपवतानाच कुटुंबाला दोन गोष्टी विचारायच्या. वर्षातले कुठले महिने नकोत, आणि दिवसातली कुठली वेळ चालेल? उत्तरांवरून घरांचे सकाळचा गट आणि संध्याकाळचा गट असे दोन गट करायचे. स्थलांतर करणाऱ्या घरांच्या भेटी पावसाळ्यात जास्त आणि हिवाळ्यात फोनवर. २६चा आकडा पूर्ण होतो, फक्त तो कुटुंबाच्या पंचांगाने होतो.

आता प्रत्यक्ष भेटीत काय बिघडतं ते. सगळ्यात जास्त बिघडतो तो रक्तदाब. शेतातून चालत आलेल्या, नुकताच चहा किंवा तंबाखू घेतलेल्या माणसाचा दाब उभ्याउभ्या मोजला तर तो वर दाखवणारच. अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत, मोजताना बोलायचं नाही, आणि एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजायचं. मध्यम आकाराचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. गावातल्या बऱ्याच बायकांचा दंड त्याहून बारीक असतो आणि मोठ्या पट्ट्यात आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो. म्हणून पिशवीत लहान पट्टा हवाच. हे सगळं विद्यार्थ्याला शिकवलेलं असतं. शिकवलेलं नसतं ते पुढचं : आकडा घरच्यांना त्यांच्या भाषेत सांगायचा, कागदावर लिहून द्यायचा आणि तो कागद घरीच ठेवायचा. लॉगबुकमध्ये गेलेला आकडा कुटुंबाच्या कामाचा नसतो.

तसंच संदर्भ चिठ्ठीचं. ‘दवाखान्यात दाखवा’ एवढं सांगून विद्यार्थी निघून जातो. माणूस रोज बुडवून, एसटीचं तिकीट काढून कॉलेजच्या रुग्णालयात पोचतो, तेव्हा केसपेपरच्या रांगेत त्याला कोणी ओळखत नाही. एकदा असं झालं की त्या घरातून पुन्हा कोणी जात नाही, आणि शेजारच्या चार घरांतूनही नाही. चिठ्ठीवर आकडा, तारीख, विभाग, बाह्यरुग्ण विभागाचा वार, खोली क्रमांक आणि केसपेपरचं शुल्क लागेल की नाही एवढं असलंच पाहिजे. त्या दिवशी तो विद्यार्थी किंवा त्याच्या गटातला कोणी केसपेपर खिडकीजवळ उभा असला पाहिजे. कार्यक्रमाच्या उद्दिष्टांतच विद्यार्थी हा लोकसमूह आणि आरोग्यसेवा यांच्यातला दुवा असावा असं म्हटलंय. तो दुवा खिडकीजवळच तुटतो.

सगळ्यात जास्त खटकतं ते काळजी घेणाऱ्या माणसाचं गायब असणं. सर्वेक्षणाच्या कागदावर कुटुंबप्रमुख आहे, उत्पन्नाचं बी. जी. प्रसाद वर्गीकरण आहे, लसीकरण आहे, व्यसन आहे. पण अंगावरून वारं गेलेल्या सासूला दोन वर्षं उठवणारी, बसवणारी, भरवणारी सून त्या कागदावर फक्त ‘गृहिणी, वय ३४’ असते. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर माकडहाडाशी जखम होते, पडून भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो, कुठली गोळी गालात लपवली जाते आणि कुठली कुटून पाण्यातून द्यायची, कुठली कुटून चालत नाही म्हणून बदलून घ्यावी लागली, हे तिला कोणत्याही तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यापेक्षा नीट माहीत असतं. तिची कंबर दुखते, तिचा स्वतःचा रक्तदाब कोणी मोजलेला नसतो.

कागदात सहा ओळी वाढवल्या तरी चित्र बदलतं. घरात कोणाला मदतीशिवाय उठता-बसता, जेवता किंवा संडासला जाता येत नाही? त्याचं कोण करतं? ती व्यक्ती रात्री सलग किती तास झोपते? तिने त्यासाठी कुठलं काम किंवा मजुरी सोडली? औषधं आणि डायपर मिळून महिन्याला किती खर्च येतो? आणि सर्वांत महत्त्वाचं : रुग्णालयातून घरी सोडलं तेव्हा काय सांगायला हवं होतं, जे कोणी सांगितलं नाही? या शेवटच्या प्रश्नाची उत्तरं एका तुकडीकडून गोळा केली, तर डिस्चार्ज देताना काय सांगावं याचा धडा तयार होतो, आणि तो लिहिलेला असतो कुटुंबांनी. प्रश्न मात्र अंगणात शेजाऱ्यांसमोर विचारायचे नाहीत. क्षयरोग, एचआयव्ही, मानसिक आजार, दारू यांबद्दल घराच्या आत, एकट्याला, आणि उत्तर न देण्याची मुभा आधी सांगून. वहीत नाव लिहायचं नाही, कुटुंब क्रमांक लिहायचा. संमतीपत्र मराठीत हवं, आणि मेळघाटात किंवा गडचिरोलीत कोरकू, गोंडी बोलणाऱ्या घरी ते तोंडी समजावणारं माणूसही हवं.

आता अंतिम अहवालाकडे वळू, कारण योजनेची दृष्टी तिथे स्पष्ट दिसते. शेवटी विद्यार्थ्याने जो अहवाल द्यायचा, त्यात कुटुंबाचं आरोग्य सुधारलं का, लसीकरण, स्वच्छता, व्यसनमुक्ती, रक्तक्षय, क्षयरोग नियंत्रण, आजारपणात विद्यार्थ्याने केलेली मदत, औषधी झाडं लावणं असे मुद्दे आहेत. सगळे मुद्दे विद्यार्थ्याने काय केलं याचे आहेत. या मुलाने आमचं नीट ऐकलं का, सांगितलेल्या दिवशी आला का, पुढच्या मुलाला काय शिकवून पाठवावं, हे कुटुंबाला विचारणारा एकही मुद्दा नाही. ७८ तास ज्यांनी घर उघडं ठेवलं, त्यांचं मत नोंदवायला जागाच नाही.

आपल्याच अभ्यासक्रमात याचं दुसरं उदाहरण आहे. वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांसाठी २०१८ साली तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने काढलेल्या पुस्तिकेत, म्हणजे ‘एटकॉम’मध्ये, २७ घटक आहेत. पहिल्याच वर्षात ‘रुग्ण असणं म्हणजे काय’ हा घटक येतो आणि विद्यार्थी रुग्णांच्या मुलाखती घेतात. निवड फार चांगली आहे. पण मुलाखतीवरची चर्चा होते ती विद्यार्थी आणि शिक्षकांत. रुग्णाने जे सांगितलं त्याचा अर्थ बरोबर लागला का, हे तपासायला रुग्ण तिथे नसतो.

बाहेर हे कसं करतात? कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या अँजेला टाउल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली रुग्णसहभागाच्या सहा पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर रुग्ण हा कागदावरची केस असतो, दुसरीवर स्वयंसेवक किंवा अभिनय करणारा रुग्ण, तिसरीवर शिक्षकांनी आखलेल्या तासात तो आपला अनुभव सांगतो, चौथीवर शिकवतो किंवा मूल्यमापन करतो, पाचवीवर अभ्यासक्रम आखण्यात बरोबरीचा भागीदार असतो आणि सहावीवर संस्थेच्या निर्णयांत त्याला जागा असते. या मापाने आपला कार्यक्रम दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये कुठेतरी आहे. त्याच विद्यापीठात वेगवेगळ्या आरोग्यशाखांच्या चार विद्यार्थ्यांचा गट दीर्घ आजार किंवा अपंगत्व असलेल्या व्यक्तीकडून १६ महिने शिकतो. प्राध्यापक त्या बैठकीत नसतात. माँट्रियाल विद्यापीठाने २०१० पासून रुग्णांना डॉक्टरांच्या बरोबरीने वर्ग घ्यायला बसवलं. ती कल्पना रेटणारे व्हिन्सेंट डुमेझ स्वतः हिमोफिलियासह, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजारासह, जगणारे रुग्ण. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलच्या २०१६ पासून लागू असलेल्या मानकांत तर अभ्यासक्रम ठरवताना रुग्ण, कुटुंबीय आणि काळजीवाहू यांचं मत घेणं बंधनकारक आहे. आपल्या कॉलेजांतली अभ्यासक्रम समिती मुख्यतः प्राध्यापकांची असते. रुग्णासाठी तिथे राखीव खुर्ची नाही.

या परदेशी नमुन्यांपैकी कोणताही जसाच्या तसा इथे उचलू नये. तिकडचे रुग्ण-शिक्षक बहुतेक शिकलेले, सभेत बोलायची सवय असलेले असतात. आपल्या घरांत डॉक्टरच्या तोंडावर तक्रार करणं हा उद्धटपणा समजला जातो. ‘विद्यार्थी कसा वाटला?’ विचारलं की ‘लई चांगला पोरगा’ हेच उत्तर मिळणार, शंभर घरांतून शंभर वेळा. म्हणून मत नाही, घडलेली गोष्ट विचारायची. मागच्या वेळी सांगितलेल्या दिवशी आला होता का? आत यायच्या आधी विचारलं का? रक्तदाबाचा आकडा तुम्हाला सांगितला का? तुम्ही बोलताना फोन पाहत होता का? जाताना पुढच्या वेळी कधी येणार ते सांगितलं का? पाच प्रश्न, हो किंवा नाही. विचारणारी व्यक्ती विद्यार्थी नको, त्याचा शिक्षक नको आणि आशा ताईही नको, कारण तिचं रोजचं काम त्याच यंत्रणेशी बांधलेलं असतं. बचत गटातली एखादी बाई हे उत्तम करते. वर्षातून दोनदा, आणि त्याचे गुण द्यायचे नाहीत. गुण आले की घरं मुलाचं नुकसान नको म्हणून सगळ्याला ‘हो’ म्हणतील. उत्तरं गटाने एकत्र करून मार्गदर्शकाने विद्यार्थ्यांसमोर ठेवावीत.

त्यापुढची पायरी म्हणजे काळजी घेणाऱ्या व्यक्तीने कॉलेजात येऊन शिकवणं. हे करताना बहुतेक ठिकाणी सभागृहात १५० मुलं, व्यासपीठ, शाल-श्रीफळ आणि दहा मिनिटांचं मनोगत असा बेत ठरतो. यात कोणी शिकत नाही. आठ-दहा विद्यार्थ्यांचा गट, एक खाट, एक खुर्ची, सोबत फिजिओथेरपिस्ट. पहिली वीस मिनिटं तिने सांगायचं, पुढची चाळीस मिनिटं विद्यार्थ्यांनी एकमेकांना खाटेवरून खुर्चीत बसवायचं आणि तिने चुका दाखवायच्या. आदल्या आठवड्यात तिला भेटून कुठले प्रश्न नकोत ते विचारून घ्यायचं. ती कॉलेजात असेल तेवढा वेळ घरी रुग्णाजवळ कोण बसणार, ते आधी ठरवायचं. ही गोष्ट हमखास विसरली जाते आणि मग ऐन दिवशी ती येऊ शकत नाही. मोबदला त्याच दिवशी, रोजगार हमीच्या दरापेक्षा कमी नाही, प्रवासखर्च वेगळा. गावात सकाळभर विद्यार्थ्यांसोबत फिरणाऱ्या आशा ताईचा वेळही याच हिशेबात धरावा.

कॉलेजने हा कार्यक्रम आहे तसा चालवला, तर आमच्या लेखी पाचपैकी अडीच. गावाकडची नोंदवही, भेटीच्या वेळा, काळजीवाहूच्या सहा ओळी आणि हो-नाहीचे पाच प्रश्न एवढं जोडलं तर सहज चार. पाचवा गुण अभ्यासक्रम समितीत दोन खुर्च्या ठेवणाऱ्या कॉलेजसाठी राखून ठेवलाय. दोनच का? एकटा माणूस पंधरा प्राध्यापकांत गप्प बसतो, दोघं असले की बोलतात. बैठक मराठीत, कागद आठवडाभर आधी, आणि मागच्या बैठकीत त्यांनी सांगितलेल्या गोष्टीचं काय झालं हा विषयपत्रिकेतला पहिला मुद्दा.

ज्या घरी सध्या विद्यार्थी येतो, त्या घराने एवढं मात्र आजच मागावं. विद्यार्थ्याचं आणि त्याच्या मार्गदर्शकाचं नाव आणि फोन नंबर एका कागदावर. मोजलेला प्रत्येक आकडा घरच्या वहीत. आपली माहिती कुठे जाते आणि कोण पाहतो याचं उत्तर. नको असेल तर भेट नाकारायची मुभा, त्याने उपचारात फरक पडणार नाही हे लेखी. आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या भेटीआधी हेही विचारून घ्यावं : तू गेल्यावर आमच्या गोळ्यांचं, तपासणीचं कोणाला विचारायचं? त्या माणसाचं नाव-पत्ता विद्यार्थ्याकडूनच लिहून घ्यावा.